नव्या रुग्णालयाच्या इमारतीचं कमिशनिंग कधीपासून आखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगली जिल्ह्यात ट्रस्टच्या १०० खाटांच्या रुग्णालयाचं बांधकाम चालू आहे, तळमजला अधिक पाच मजले. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब भरून झालाय. तीन ऑपरेशन थिएटर, १६ खाटांचा आयसीयू, चिलरवरचं (पाणी थंड करून फिरवणाऱ्या यंत्रावरचं) सेंट्रल एसी, मेडिकल गॅस, दोन डीजी (डिझेल जनरेटर), तीन लिफ्ट. एमईपीचं (एसी, वीज, प्लंबिंग अशा यंत्रणांचं) टेंडर पुढच्या महिन्यात निघणार. उद्घाटन पुढच्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेला ठरलंय आणि विश्वस्तांचं म्हणणं आहे की टेस्टिंग-कमिशनिंगला (बसवलेल्या यंत्रणा तपासून, चालवून वापरासाठी तयार करायला) शेवटचा एक महिना ठेवला म्हणजे झालं. हे बरोबर आहे का, आणि नसेल तर आखणी कोणी, कधी, कशी करायची?

एक महिना पुरणार नाही. माझ्या अंदाजाने एवढ्या इमारतीला महावितरणची कायमची वीज चालू झाल्यापासून पहिला पेशंट ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) जाईपर्यंत १४ आठवडे लागतात, तेही सगळे कंत्राटदार वेळेवर येत असतील तर. आणि आखणीची सुरुवात आज करायची आहे, कारण टेंडर अजून तुमच्या हातात आहे. ते एकदा बाहेर गेलं की पुढे मागाल ती प्रत्येक टेस्ट ‘एक्स्ट्रा आयटम’ होते.

टेंडरपासूनच सांगतो. तुमच्या बीओक्यूमध्ये (टेंडरमधल्या कामांच्या यादीत) जवळजवळ प्रत्येक ओळीत ‘एसआयटीसी’ लिहिलेलं असेल: सप्लाय, इन्स्टॉलेशन, टेस्टिंग, कमिशनिंग. चार कामं एका रेटमध्ये. बिलं निघतात तेव्हा ७० टक्के माल साईटवर आल्यावर, २० टक्के बसवल्यावर आणि उरलेले १० टक्के टेस्टिंग-कमिशनिंग झाल्यावर, अशी वाटणी बऱ्याच ठिकाणी असते. ९० टक्के हातात पडलेला कंत्राटदार आपला चांगला इंजिनियर तोवर दुसऱ्या साईटवर हलवतो. तुमच्याकडे उरतो एक सुपरवायझर आणि दोन हेल्पर. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, बिलाची रचनाच तशी आहे. म्हणून कमिशनिंगला बीओक्यूमध्ये वेगळं शीर्षक द्या. फ्लशिंग (पाइप आतून धुणं), एअर बॅलन्सिंग (प्रत्येक खोलीला ठरलेली हवा मिळेल असं जुळवणं), लोड बँकवरची (कृत्रिम लोडवरची) डीजी टेस्ट, एकत्रित फायर टेस्ट, पावसाळ्यातली फेरतपासणी या प्रत्येकाची स्वतंत्र ओळ आणि स्वतंत्र रक्कम हवी. टेस्ट नापास झाली तर दुसऱ्यांदा कंत्राटदाराच्या खर्चाने, हेही तिथेच लिहा. टेस्टच्या कोऱ्या फॉर्मचे नमुने टेंडरला जोडा. नक्की काय भरून द्यायचंय हे आधी कळलं की माणूस रेट नीट भरतो.

दुसरा कागद त्याहून महत्त्वाचा आहे आणि तो तुमच्याकडे बहुतेक नसेल. अमेरिकेतल्या ‘ॲश्रे’ या संस्थेच्या कमिशनिंगच्या मार्गदर्शिकेत त्याला मालकाच्या गरजांचं पत्रक म्हणतात. इमारतीने काय करून दाखवायचं आहे ते साध्या भाषेत, आकड्यांसह लिहायचं. उदाहरणार्थ: ओटीत तापमान २१ अंश, तीन इकडेतिकडे, आर्द्रता २० ते ६० टक्क्यांच्या आत, हवा तासाला किमान २० वेळा बदलली पाहिजे, त्यातली ४ वेळा ताजी, शेजारच्या भागापेक्षा दाब किमान २.५ पास्कल जास्त. वीज गेल्यावर डीजी १० सेकंदांत लोड घेईल आणि तोवर ओटीचा दिवा व आयसीयूतले व्हेंटिलेटर यूपीएसवर एक क्षणही न थांबता चालतील.

हे पत्रक ऑफिसात बसून लिहू नका. सर्जन, भूलतज्ज्ञ, आयसीयूच्या सिस्टर आणि मायक्रोबायोलॉजीचे डॉक्टर यांना एका टेबलाशी बसवा. एका रुग्णालयात आम्ही सगळं डिझाइन २१ अंशांवर केलं. इमारत पूर्ण झाल्यावर हाडांचे सर्जन आले आणि म्हणाले, ‘मला सांध्याच्या ऑपरेशनला १८ लागतं. तीन तास गाऊन घालून उभा असतो मी.’ त्यांचं म्हणणं रास्त होतं. पण १८ अंशांवर आर्द्रता ताब्यात ठेवायची तर कॉइल (थंड पाण्याच्या नळ्यांचा संच, ज्यावरून हवा जाते) मोठी लागते, पाणी जास्त थंड लागतं, आणि तोवर कॉइल छतावर चढली होती. शेवटी त्या एका थिएटरसाठी वेगळं युनिट बसवावं लागलं. हा प्रश्न तिसऱ्या स्लॅबच्या वेळी विचारला असता तर एका ड्रॉइंगच्या दुरुस्तीवर भागलं असतं.

हे सगळं कोणी बघायचं? ज्याचं बिल कंत्राटदाराच्या हातात नाही अशा माणसाने. डिझाइन कन्सल्टंट मदत करतील, पण स्वतःच्या डिझाइनची चूक स्वतः शोधणं कोणालाही जड जातं. स्वतंत्र कमिशनिंग एजन्सी परवडली तर उत्तम. नसेल तर मोठ्या रुग्णालयात किंवा फार्मा प्लांटमध्ये देखभाल सांभाळून निवृत्त झालेला एखादा इंजिनियर शोधा आणि आतापासून महिन्याला दोन दिवस, शेवटचे चार महिने पूर्णवेळ असं बोलून घ्या. तुमच्या भागात साखर कारखान्यांतून आणि औद्योगिक वसाहतींतून निवृत्त झालेले फार पक्के इलेक्ट्रिकल आणि युटिलिटीचे लोक आहेत. त्यांना रुग्णालयाचे नियम शिकवता येतात. त्यांच्याकडे यंत्राचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा जो कान असतो, तो शिकवून येत नाही.

आता वेळापत्रक. ते नेहमी उलटं मांडायचं, शेवटाकडून. अक्षय्य तृतीया एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात येते. उद्घाटनाची तारीख आणि पहिल्या ऑपरेशनची तारीख या दोन वेगळ्या तारखा आहेत, हे विश्वस्तांकडून आत्ताच मान्य करून घ्या. फीत मुहूर्तावर कापा, ओपीडी त्याच दिवशी सुरू करा, पण ओटी सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्याशिवाय उघडणार नाही असं मीटिंगच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. माझ्या अनुभवात विश्वस्त हे ऐकतात, फक्त वर्षभर आधी सांगावं लागतं. आठ दिवस आधी सांगितलं तर निमंत्रणपत्रिका छापून झालेल्या असतात.

ओटी अक्षय्य तृतीयेलाच उघडायची असं धरलं तर शेवटचे दोन आठवडे ओटी आणि आयसीयूची स्वच्छता, हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) फिल्टरची गळती तपासणी, कणांची मोजणी आणि कल्चर (जंतूंची तपासणी) यांना जातात. त्याआधीचे दोन आठवडे एकत्रित टेस्टचे, म्हणजे आग आणि वीज जाणं. त्याआधी दोन आठवडे एकेक यंत्रणा तिच्या नियंत्रणासह चालवून पाहायची. त्याआधी तीन आठवडे हवा आणि पाण्याचं बॅलन्सिंग. त्याआधी तीन आठवडे फ्लशिंग आणि चिलर-पंपांचा स्टार्टअप. आणि अगदी सुरुवातीला दोन आठवडे पॅनल चार्ज करणं (त्यात वीज सोडणं), मोटारींची फिरण्याची दिशा बघणं, केबल मेगर करणं (इन्सुलेशन तपासणं), अर्थिंग मोजणं. बेरीज १४. म्हणजे कायमची वीज जानेवारीच्या मध्यापर्यंत आलीच पाहिजे.

इथेच बहुतेक रुग्णालयांची गाडी अडते. बांधकाम तात्पुरत्या कनेक्शनवर चाललेलं असतं. त्यावर वेल्डिंग मशीन आणि लिफ्टची हॉइस्ट चालते, चिलर चालत नाही. एचटी (उच्च दाबाच्या) कनेक्शनसाठी महावितरणची लोड मंजुरी, त्यांची लाइन, मीटरिंग क्युबिकल, ट्रान्सफॉर्मर, विद्युत निरीक्षकांची तपासणी आणि चार्जिंगची परवानगी ही साखळी आहे. त्यात एक कडी सरकली की मागचं सगळं सरकतं. लोडचा अर्ज टेंडरच्याच महिन्यात करा. सबस्टेशनच्या खोलीचं सिव्हिल काम, म्हणजे केबल ट्रेंच, दरवाजे, फरशी, वरच्या मजल्यांच्या आधी संपवा. आर्किटेक्टला ही खोली शेवटची वाटते. कमिशनिंगच्या दृष्टीने ती इमारतीतली पहिली पूर्ण झालेली खोली असायला हवी.

पाण्याचंही तसंच. चिल्ड वॉटरची लाइन भरायला, धुवायला आणि पुन्हा भरायला बरंच पाणी लागतं आणि ते फेब्रुवारीत लागणार आहे. बोअरचं कठीण पाणी थेट भरलं तर क्षार नळ्यांच्या आत बसतात. सॉफ्टनर आधी चालू करायचा, मग लाइन भरायची. वेळापत्रकात हा बाण काढलेला नसेल तर कोणीतरी टँकर मागवून लाइन भरून टाकतं आणि त्याला वाटतं आपण दोन दिवस वाचवले.

फ्लशिंगबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हे काम कागदावर एका ओळीचं आणि परिणाम दहा वर्षांचा. पाइप बसवताना आत माती जाते, वेल्डिंगचा मळ राहतो, कटिंगचा चुरा राहतो. पहिल्यांदा पंप चालू केल्यावर चार तासांनी मी स्ट्रेनर उघडायला लावतो आणि तिथे स्वतः उभा राहतो. जाळी बाहेर काढली की तिच्यात काळा गाळ, वेल्डिंग रॉडचे तुकडे, बारीक खडी, एकदा तर हातमोज्याचं अख्खं बोट निघालं. ती जाळी एका पांढऱ्या फडक्यावर उपडी करायची, फोटो काढायचा, तारीख लिहायची. दुसऱ्या दिवशी परत. जाळीत काही सापडेनासं होईपर्यंत परत. या काळात एएचयूच्या (खोल्यांना हवा पुरवणाऱ्या युनिटच्या) कॉइल बायपास करून ठेवायच्या, म्हणजे हा कचरा कॉइलच्या अर्ध्या इंचाच्या नळ्यांत जाऊन बसत नाही. त्यासाठी बायपासचा पाइप आणि व्हॉल्व्ह ड्रॉइंगमध्येच असावा लागतो. तुमच्या ड्रॉइंगमध्ये तो आहे का, आज बघा. नंतर लाइन कापून बसवणं महाग पडतं आणि कोणी करत नाही.

फॉल्स सीलिंग बंद होण्याच्या आधीचा टप्पाही तितकाच नाजूक आहे. सीलिंगवाला रोजच्या चौरस फुटांवर पैसे घेतो, त्याला थांबायचं नसतं. पण सीलिंगच्या वर फायर डॅम्पर (आग लागल्यावर मिटणाऱ्या डक्टमधल्या झडपा) आहेत, बॅलन्सिंगचे डॅम्पर आहेत, व्हॉल्व्ह आहेत, ऑक्सिजनची लाइन आहे. म्हणून प्रत्येक खोलीच्या दारावर एक कागद चिकटवा: डक्टची गळती तपासली, पाइपची प्रेशर टेस्ट झाली, डॅम्पर उघडा आहे, केबल ट्रे पूर्ण, प्रत्येक डॅम्परखाली हात घालता येईल असं झाकण आहे. सगळ्या सह्या झाल्याशिवाय सीलिंगवाल्याने त्या खोलीत शिडी न्यायची नाही. हा नियम पहिल्या खोलीपासून पाळला तर चालतो. दहाव्या खोलीपासून सुरू केला तर भांडणं होतात.

प्रेशर टेस्ट वाचतानाची एक गफलत सांगून ठेवतो. गॅसची लाइन नायट्रोजनने भरून २४ तास ठेवतात आणि काटा हलला का बघतात. समजा गच्चीवरची उघडी लाइन दुपारी ३५ अंशांना १० बारवर बंद केली आणि पहाटे १८ अंशांना वाचली. गळती अजिबात नसली तरी काटा सुमारे ०.६ बार खाली दिसेल, कारण थंड वायूचा दाबच कमी होतो. हे माहीत नसलेला सुपरवायझर एकतर दोन दिवस नसलेली गळती शोधतो, किंवा ‘थंडीमुळे होतंच’ म्हणत खरी गळती सोडून देतो. दोन्ही मी पाहिलं आहे. फॉर्मवर दाबाशेजारी तापमानाचा रकाना ठेवा आणि दोन्ही वाचनं शक्यतो एकाच वेळेला, आज पहाटे सहा आणि उद्या पहाटे सहा, अशी घ्या.

मेडिकल गॅसमध्ये सगळ्यांत गंभीर टेस्ट म्हणजे अदलाबदलीची. ऑक्सिजनच्या आउटलेटमधून ऑक्सिजनच येतोय ना? सगळ्या लाइन रिकाम्या करायच्या, एका वेळी एकाच वायूची लाइन भरायची आणि इमारतीतलं प्रत्येक आउटलेट उघडून बघायचं. १०० खाटांना हे दोन दिवसांचं काम आहे. नमुना तपासणी इथे चालत नाही, एकही आउटलेट सोडायचं नाही. आणि कंत्राटदाराच्या माणसाबरोबर तुमचा भूलतज्ज्ञ त्या दोन दिवशी तिथे हवा.

दाबाचा अलार्मही याच वेळी तपासायचा. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन पुरवठ्याचा दाब घसरला आणि २० हून अधिक रुग्ण दगावले. ती दुर्घटना चालू रुग्णालयातली होती आणि तिची चौकशी हा माझ्या उत्तराचा विषय नाही. पण तेव्हापासून मी एक टेस्ट कधीच सोडत नाही: मुख्य व्हॉल्व्ह बंद करून दाब हळूहळू उतरू द्यायचा, अलार्म कितीवर वाजतो, तो सिस्टरच्या टेबलाशी ऐकू येतो का, राखीव सिलिंडरची मॅनिफोल्ड आपोआप पुरवठा उचलते का, आणि नाही उचलली तर रात्रपाळीच्या माणसाला कुठला व्हॉल्व्ह फिरवायचा हे ठाऊक आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्या माणसाने तोंडाने द्यायचं नाही, चालत जाऊन व्हॉल्व्हवर हात ठेवून दाखवायचं.

आता ओटीतला दाब. २.५ पास्कल म्हणजे फारच थोडा दाब, पाण्याचा पाव मिलिमीटर. खोलीला कुठे भोक असेल तर तो टिकतच नाही. मागे एका थिएटरमध्ये पंखा पूर्ण वेगाने चालत होता, हवा डिझाइनइतकी येत होती, तरी गेज शून्यावर. बॅलन्सिंगची टीम दोन दिवस डॅम्पर फिरवत बसली. शेवटी मी उदबत्ती मागवली. दार बंद करून भिंतीच्या कडेकडेने ती फिरवली. पेंडंटच्या (छतातून लटकणाऱ्या गॅस-विजेच्या खांबाच्या) वरच्या प्लेटपाशी धूर सरळ वर खेचला गेला. प्लेटच्या मागे स्लॅबमध्ये केबलसाठी सोडलेली चार इंची स्लीव्ह तशीच उघडी होती. एक्स-रे व्ह्यूअरच्या मागचे कंड्युटही उघडे. सगळं सीलंटने बंद केलं, गेज ८ पास्कलवर गेला. धडा एवढाच की बॅलन्सिंगच्या आधी खोलीची गळती तपासण्याचा एक दिवस वेळापत्रकात धरा, आणि तो दिवस एसीच्या कंत्राटदाराच्या नावावर टाकू नका. भोकं इलेक्ट्रिकल, प्लंबिंग आणि सिव्हिलची असतात, ती बुजवायला तिघांची माणसं तिथे हवीत.

हेपा फिल्टर सगळ्यांत शेवटी. फरशीचं पॉलिश चालू असताना कोणी एएचयू चालवला तर महागडे फिल्टर आठ दिवसांत भरतात. साधे फिल्टर लावून आधी डक्ट फुंकून काढायचे, खोली धुवायची, मग हेपा बसवायचे, मग त्यांची गळती तपासायची. फिल्टर साईटवर लवकर आणूही नका. स्टोअरमध्ये कोणीतरी त्यांच्यावर सिमेंटची पोती ठेवतंच.

आगीच्या यंत्रणेबद्दल तुमची फायर एजन्सी म्हणेल की आमची सगळी टेस्ट झाली. त्यांची झालेली असते. स्प्रिंकलरची लाइन १४ बारवर दोन तास टिकली, हायड्रंट पंप सुरू झाला, गच्चीवरच्या शेवटच्या हायड्रंटला साडेतीन बार मिळाला, डिटेक्टरवर धूर मारला की पॅनलवर दिवा लागला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार लायसन्सधारक एजन्सी ‘फॉर्म ए’ देईल, पुढे दर जानेवारी आणि जुलैला तुम्हाला ‘फॉर्म बी’ द्यावा लागेल. हे सगळं हवंच. पण आग लागल्यावर इमारतीतल्या सहा-सात कंत्राटदारांच्या यंत्रणा एकमेकींशी बोलल्या पाहिजेत. एएचयू थांबला पाहिजे, फायर डॅम्पर मिटले पाहिजेत, जिन्याचा दाब देणारा पंखा सुरू झाला पाहिजे, लिफ्ट तळमजल्यावर येऊन दारं उघडून उभ्या राहिल्या पाहिजेत, कार्डावर उघडणारी दारं मोकळी झाली पाहिजेत. आणि ओटीचा एएचयू? ऑपरेशन चालू असताना दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात धूर झाला तर ओटीची हवा बंद करायची का? याचं उत्तर रुग्णालयाने द्यायचं आहे, फायर एजन्सीने नाही. डावीकडे कारणं, वर परिणाम असा एक मोठा तक्ता करा आणि प्रत्येक चौकटीत हो किंवा नाही लिहा. टेंडरच्या वेळी हा तक्ता कच्चा का होईना जोडलेला असला तर लिफ्टवाला नंतर म्हणत नाही की फायरचा सिग्नल घेण्याची सोय आमच्या कंट्रोलरमध्ये नव्हती.

जिन्याच्या पंख्याची टेस्ट करताना एक सोपी गोष्ट करा. जिन्यात ५० पास्कल दाब धरलेला असतो आणि गेजवर तो दिसला की सगळे सही करायला पेन काढतात. त्याच वेळी साधारण अंगकाठीच्या एखाद्या मावशींना बोलवा आणि जिन्याचं दार त्यांना ढकलून उघडायला सांगा. एका इमारतीत पंख्याचा दाब सोडणारा डॅम्पर अडकला होता. दार मलाच दोन्ही हातांनी उघडेना.

वीज जाण्याची टेस्ट मी रात्री घेतो, साधारण आठच्या पुढे. दिवसा घेतली तर खिडकीतून उजेड असतो आणि कुठला दिवा लागला नाही हे कळत नाही. सगळे मजल्यामजल्यावर उभे राहतात, हातात वॉकीटॉकी, मोबाइलचा टॉर्च बंद. एचटी ब्रेकर पाडायचा. आयसीयूचा माणूस मोठ्याने सेकंद मोजतो. डीजी उचलतो, मजले उजळतात, आणि कुठेतरी एक कॉरिडॉर काळा राहतो. तुमच्या इमारतीतही राहील. पॅनलमध्ये कोणीतरी त्याचा सर्किट चुकून साध्या सप्लायवर जोडलेला असतो. मग वीज परत आणायची आणि परत येताना काय होतं तेही बघायचं. लोड डीजीवरून महावितरणवर परत जाताना चिलर, पंप आणि एएचयू एकदम सुरू झाले तर ब्रेकर ट्रिप होतो, म्हणून त्यांना एकामागोमाग उशिरा सुरू होण्याचा क्रम दिलेला असतो. तो क्रम कागदावरचा आणि बीएमएसमध्ये (इमारतीच्या संगणकीय नियंत्रणात) भरलेला एकच आहे का, हे त्या रात्रीच कळतं. पहिल्यांदा बिनसणार हे धरून या टेस्टला सलग तीन रात्री द्या.

डीजीला पूर्ण लोडवर चालवायचं तर रिकाम्या रुग्णालयात तेवढा लोड नसतो. लोड बँक भाड्याने मिळते, ती बीओक्यूमध्ये घाला. नाहीतर पहिला पूर्ण लोड मेच्या एखाद्या दुपारी, वॉर्ड भरलेले असताना पडेल.

कंपन्यांच्या इंजिनियरांबद्दल एक व्यवहारी सूचना. चिलरचा स्टार्टअप कंपनीचा माणूस पुण्याहून किंवा मुंबईहून येऊन करतो. त्याच्याकडे तयारीचा फॉर्म असतो: वीज स्थिर आहे, पाणी फिरतंय, फ्लो स्विच जोडलाय, क्रँककेस हीटर आदल्या दिवसापासून चालू आहे. यातलं एक नसलं की तो परत जातो आणि पुढची तारीख पंधरा दिवसांनी मिळते. हे फॉर्म दोन महिने आधी मागवा, स्वतः भरा, फोटोसकट पाठवा, मगच तारीख घ्या. लिफ्टचा परवाना, डीजीची तपासणी, एक्स-रे आणि सीटीसाठीची एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मंजुरी याही तारखा त्याच वेळापत्रकात लाल रंगात टाका. सरकारी तपासणीनंतर त्रुटी निघतात, त्या दुरुस्त करायला आठवडा धरा.

रुग्णालय पुढे चालवणारी माणसं, म्हणजे वायरमन, एसी ऑपरेटर, गॅसचा टेक्निशियन, ही हँडओव्हरच्या दिवशी भरती करू नका. फेब्रुवारीत घ्या. दोन महिन्यांचा पगार जास्त जाईल असं विश्वस्त म्हणतील. त्या दोन महिन्यांत ही माणसं सीलिंग उघडं असताना लाइन कुठून कुठे गेल्यात ते डोळ्यांनी बघतात. नंतर ॲज-बिल्ट (प्रत्यक्ष जसं बांधलं तसं दाखवणाऱ्या) ड्रॉइंगच्या दहा शीट त्यांना ते शिकवू शकत नाहीत. प्रत्येक पॅनलजवळ मराठीत एक पान लावा: सुरू कसं करायचं, बंद कसं करायचं, हा दिवा लागला तर काय करायचं, कोणाला फोन करायचा. हे पान ऑपरेटरकडूनच लिहून घ्या आणि इंजिनियरने तपासा. त्याच्या शब्दांतलं पान तो रात्री तीन वाजताही वाचतो.

आणि पावसाळा. तुमच्या एसीच्या सगळ्या टेस्ट मार्च-एप्रिलमध्ये होतील. बाहेर ३८-४० अंश, हवा कोरडी. थंडावा सहज मिळेल, आर्द्रता आपोआप ६०च्या खाली राहील, सगळे खूश. खरी परीक्षा जुलैत आहे. तेव्हा बाहेर २४-२५ अंश आणि हवा ओलीचिंब. ओटीत उष्णता थोडी, म्हणून २१ अंश लगेच गाठले जातात, व्हॉल्व्ह पाणी कमी करतो, कॉइल कोमट होते आणि हवेतलं पाणी काढणं थांबतं. तापमान बरोबर दिसतं, आर्द्रता मात्र ७०च्या वर जाते. उपाय म्हणजे कॉइल थंड ठेवून हवेतलं पाणी काढायचं आणि मग हीटरने हवा परत २१ वर आणायची. हे हीटर बीओक्यूमध्ये असतात, पण खर्च कमी करण्याच्या मीटिंगमध्ये पहिले कापले जातात, कारण एसीत हीटर कशाला हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. ते कापू देऊ नका. आणि ते असतील तर पंखा बंद करून बघा, हीटर त्याच क्षणी बंद झाला पाहिजे. हवा नसताना डक्टमध्ये तापत राहिलेला हीटर ही आग आहे.

म्हणून टेंडरमध्येच लिहा की एसीचा कंत्राटदार आणि बॅलन्सिंगची टीम जुलैत तीन दिवसांसाठी परत येतील, बिलाचा ठरावीक भाग तेव्हाच निघेल. त्या आठवड्यात तिन्ही ओटींचं तापमान, आर्द्रता आणि दाब दर १५ मिनिटांनी बीएमएसवर साठवा आणि पहाटे दोन ते पाचचे आकडे आधी बघा. केस नसताना, दिवे बंद असताना, बाहेर पाऊस लागलेला असताना खोली कुठे जाते ते तिथे दिसेल. एखाद्या रात्री ६०ची रेघ ओलांडली गेलीच, तर सकाळची पहिली केस लागण्याआधी हीटरची सेटिंग बदलून दुसऱ्या रात्री पुन्हा तेच आकडे बघा.